'इट' म्हणजे नेमकं कोण? इंग्रजी लिहिताना सर्वनामांचा घोळ कसा टाळायचा

'द टेबल डज नॉट फिट इन द रूम बिकॉज इट वॉज मेजर्ड राँगली.' चुकीचं मोजलं काय, टेबल की खोली? इंग्रजी वाक्य याबाबत काहीच सांगत नाही. मराठीत इथे असं मोघम राहताच येत नाही. 'टेबल खोलीत मावत नाही, कारण ते चुकीचं मोजलं होतं' म्हटलं की घोटाळा टेबलाच्या मापात, आणि 'ती चुकीची मोजली होती' म्हटलं की खोलीच्या. सर्वनामाचं लिंग वेगळं, त्याच्या जोडीला क्रियापदाचं रूपही वेगळं, असा दुहेरी बंदोबस्त. निर्जीव वस्तूंनाही लिंग असल्याचा हा फायदा.

मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्याची गोची इथेच होते. डोक्यात 'ती' असते, कागदावर 'इट' उतरतं, आणि लिहिणाऱ्याला ते 'इट' नंतरही 'ती'च वाटत राहतं. वाचणाऱ्यापर्यंत मात्र लिंग पोचलेलंच नसतं. म्हणून उत्तम इंग्रजी येणाऱ्यांच्या लिखाणातही हा दोष सापडतो: व्याकरण शुद्ध, स्पेलिंग बरोबर, आणि तरी वाचणारा दोनदा मागे जाऊन येतो.

इंग्रजी सर्वनाम वाचकाला फार थोडं सांगतं. एक की अनेक, माणूस की वस्तू, माणूस एकटा असेल तर पुरुष की स्त्री, आणि बोलणारा, ऐकणारा की तिसराच कोणी. बस. बाकी सगळं वाचकाने आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखायचं. तेव्हा सर्वनाम वापरताना यांतली निदान एक खूण तरी दोन नामांमध्ये फरक करते आहे ना, एवढं बघायचं. सर्वनाम ज्याच्या बदली आलं, त्या नामाला पुढे सोयीसाठी 'मूळ नाम' म्हणू.

दोन दावेदार

सगळ्यात जास्त आढळणारा दोष हा. एक सर्वनाम आणि त्यावर हक्क सांगणारी दोन नामं. तपासायची रीत अशी: सर्वनामाच्या जागी आधीची नामं एकेक करून ठेवा. एकाच नामाने वाक्याला अर्थ येत असेल तर सर्वनाम राहू द्या. दोन्हींनी अर्थ येत असेल तर दुरुस्ती हवी, मग तुमच्या मनात कोणतं नाम होतं याला किंमत नाही. मराठी कसोटीही कामाला येते. 'इट' दिसलं की त्याला तो, ती की ते म्हणाल असं स्वतःला विचारा. पण दोन्ही नामं मराठीत एकाच लिंगाची असली, अहवाल आणि मसुदा म्हणा, तर ही कसोटी मुकी होते. तेव्हा नाम ठेवून बघण्याचीच रीत वापरावी लागते.

सूचना लिहिताना हा दोष महागात पडतो. हे बघा: 'डिस्कनेक्ट द केबल फ्रॉम द बॅटरी अँड चेक इट. इफ इट इज डॅमेज्ड, रिप्लेस इट.' इथे 'इट' तीनदा आहे आणि दावेदार दोन. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे कागदावर आठ अर्थ. त्यातले काही कोणी मनावर घेणार नाही, पण 'केबल तपासा, खराब असेल तर केबल बदला' आणि 'बॅटरी तपासा, खराब असेल तर बॅटरी बदला' हे दोन अर्थ अगदी सरळ आहेत, आणि त्यांतून होणारी कामं वेगळी आहेत.

तिन्ही जागी 'केबल' लिहिलं तर वाक्य रटाळ होतं. तशी गरजही नाही. 'डिस्कनेक्ट द केबल फ्रॉम द बॅटरी. चेक द केबल. इफ इट इज डॅमेज्ड, रिप्लेस इट.' मधल्या छोट्या वाक्यात एकच नाम आहे, त्यामुळे पुढची दोन्ही 'इट' निवांतपणे त्याच्याकडे जातात. म्हणजे जिथे दोन नामं एकत्र येतात त्याच्या लगेच पुढे एकदा नाम पुन्हा लिहायचं, आणि मग सर्वनामाला मोकळं सोडायचं. एकदा नाम लिहून झाल्यावर दुसरं नाम मध्ये शिरेपर्यंत हे चालतं.

दुसरा उपाय वचनाचा, आणि तो फार कमी लोक वापरतात. दोन नामांपैकी एक अनेकवचनी करता आलं की 'इट' आणि 'दे', किंवा 'ही' आणि 'दे', आपोआप वेगळे होतात. 'अ डॉक्टर शुड टेल अ पेशंट व्हॉट ही नोज' यात जाणकार कोण, डॉक्टर की पेशंट? 'अ डॉक्टर शुड टेल पेशंट्स व्हॉट ही ऑर शी नोज' केलं की एकवचनी सर्वनाम डॉक्टरकडेच जातं. 'डॉक्टर्स शुड आस्क अ पेशंट...' अशी उलटी मांडणीही चालते. सर्वसाधारण विधानांमध्ये हा बदल फुकटात होतो. ठरावीक दोन माणसांबद्दल लिहिताना अर्थातच होत नाही.

तिसरा उपाय म्हणजे सर्वनाम काढूनच टाकणं. 'द कमिटी रिव्ह्यूड द प्लॅन बिफोर इट वॉज चेंज्ड' याऐवजी 'द कमिटी रिव्ह्यूड द ओरिजिनल प्लॅन'. पुष्कळदा सर्वनाम फक्त वाक्य लांबवण्याच्या कामी आलेलं असतं.

'संदर्भावरून कळतं की' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. कळतं, पण कशाच्या जोरावर, ते बघण्यासारखं आहे. टेरी विनोग्राड या संगणकशास्त्रज्ञाने 1972 मध्ये दिलेलं एक उदाहरण या विषयात प्रसिद्ध आहे. नगरपरिषदेच्या सदस्यांनी निदर्शकांना परवाना नाकारला, कारण 'दे' हिंसाचाराला घाबरत होते. आणि तेच वाक्य, कारण 'दे' हिंसाचाराचा पुरस्कार करत होते. पहिल्यात 'दे' म्हणजे सदस्य, दुसऱ्यात निदर्शक. व्याकरण दोन्हीकडे तंतोतंत सारखं, बदललं फक्त एक क्रियापद. वाचक उत्तर काढतो ते जगाच्या ओळखीतून. यंत्राला ही ओळख कितपत आहे हे पारखण्यासाठी संगणकशास्त्रज्ञ हेक्टर लेव्हेक यांनी 2011 मध्ये अशाच वाक्यांची परीक्षा सुचवली आणि तिला विनोग्राडचं नाव दिलं. लिहिणाऱ्याने यातून घ्यायचं ते इतकंच की तुमचा वाचक विषयात नवखा असेल, तर ही जगाची ओळख त्याच्याकडे नसते. केबल आधी खराब होते की बॅटरी, हे ज्याला माहीत आहे त्याला मुळात तुमच्या सूचना नको असतात.

कोण कोणाला काय म्हणालं

'अनिता टोल्ड स्मिता दॅट शी हॅड टू लीव्ह अर्ली.' लवकर कोणाला निघायचं होतं?

मराठीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण आपण 'की'च्या पुढेही बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो: 'अनिताने स्मिताला सांगितलं की मला लवकर निघायचंय.' किंवा 'तुला लवकर निघायचंय.' इंग्रजीत 'दॅट' आलं की अनिताच्या तोंडचा 'आय' बदलून 'शी' होतो आणि स्मिताला उद्देशून असलेला 'यू'सुद्धा 'शी'च होतो. दोघी एकाच शब्दात कोंबल्या जातात. सभेचं इतिवृत्त, तक्रारअर्ज, जबाब अशा ठिकाणी हे वाक्य धोकादायक असतं, कारण तिथे नेमकं कोण काय म्हणालं यावरच सगळं अवलंबून.

सोडवायच्या वाटा तीन. एक, अवतरण चिन्हं देऊन थेट बोलणं लिहा: 'अनिता टोल्ड स्मिता,' आणि पुढे 'आय हॅव टू लीव्ह अर्ली.' गोष्टीत, जबाबात हे उत्तम. अहवालात जरा नाटकी वाटतं. दोन, आधी वस्तुस्थिती आणि मग सांगणं असा क्रम लावा: 'अनिता हॅड टू लीव्ह अर्ली, अँड शी टोल्ड स्मिता सो.' 'शी' येते तेव्हा स्मिता अजून वाक्यात उगवलेलीच नसते, म्हणून दावेदार एकच. तीन, 'दॅट' टाळून 'टू' वापरा, पण क्रियापद निवडून. 'टोल्ड', 'अॅडव्हाइज्ड', 'रिमाइंडेड', 'पर्स्वेडेड' यांच्यापुढे 'स्मिता टू लीव्ह' आलं की निघणार स्मिता. 'प्रॉमिस्ड स्मिता टू लीव्ह' म्हटलं की निघणार अनिता. परवानगी मागायची असेल तर 'आस्क्ड स्मिता टू लीव्ह' लिहू नका, त्याचा अर्थ स्मिताला जायला सांगितलं असा होतो. 'आस्क्ड स्मिताज परमिशन टू लीव्ह' लिहा.

मालकीचंही असंच. 'राजूने संजयला आपली वही दिली' यात वही राजूची, आणि 'त्याची वही दिली' म्हटलं तर बहुधा संजयची. 'आपला' हा शब्द कर्त्याकडे बोट दाखवतो. इंग्रजीत 'राजू गेव्ह संजय हिज नोटबुक' एवढंच, दोन्ही अर्थांनी. क्रम बदलून 'राजू गेव्ह हिज नोटबुक टू संजय' केलं की 'हिज'च्या आधी फक्त राजू उरतो आणि वही त्याची होते. आणखी खात्री हवी असेल तर 'हिज ओन'. वही संजयची असेल तर सर्वनाम विसरा आणि 'राजू रिटर्न्ड संजयज नोटबुक' लिहा.

'धिस' आणि 'विच': अख्खं वाक्य एका शब्दावर

'द सर्व्हर क्रॅश्ड ऑन मंडे, अँड द बॅकअप डिड नॉट रन. धिस डिलेड द रिपोर्ट.'

मराठीत इथे 'त्यामुळे' येतं. 'त्यामुळे' मागच्या सगळ्या मजकुराचं ओझं आरामात उचलतं, कारण त्याला एका नामाशी बांधलेलं राहायचं नसतं. 'धिस' मात्र वाक्यात कर्त्याच्या खुर्चीवर बसलंय, आणि कर्ता कोण हे वाचक विचारणारच. सर्व्हर बंद पडल्याने अहवाल लांबला, बॅकअप चाललं नाही म्हणून लांबला, की दोन्ही मिळून? उपाय काय करायचा हे त्या उत्तरावर ठरतं, म्हणून हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

उपाय सोपा आहे: 'धिस'च्या पुढे एक नाम बसवा. 'धिस क्रॅश', 'धिस डबल फेल्युअर', किंवा 'धिस' सोडून 'द मिसिंग बॅकअप'. नाम सुचत नसेल तर मागच्या वाक्यातल्या क्रियापदाचं नाम करा. 'रिफ्यूज्ड'चं 'रिफ्यूझल', 'डिलेड'चं 'डिले', 'मर्ज्ड'चं 'मर्जर', 'फेल्ड'चं 'फेल्युअर', 'अझ्यूम्ड'चं 'अझम्प्शन'. मागे क्रियापदं दोन असतील तर इथे निवड करावीच लागते, आणि तीच निवड नुसतं 'धिस' लिहून आपण टाळलेली असते. कधी कधी कोणतंच नाम बसत नाही. अशा वेळी बहुतेक त्या वाक्यामागचा विचारच अजून पक्का झालेला नसतो. आधीचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

नाम म्हणून काहीही चालत नाही. 'धिस थिंग', 'धिस मॅटर', 'धिस फॅक्टर', 'धिस आस्पेक्ट' हे पोकळ शब्द. ते बसवून दोष झाकला जातो, जात नाही. उलट काही नामं फार बोलकी असतात. तीच घटना 'धिस चेंज' म्हटली तर तटस्थ, 'धिस इम्प्रूव्हमेंट' म्हटली तर कौतुक आणि 'धिस लॅप्स' म्हटली तर आरोप. पत्र कोणाच्या हाती जाणार आहे ते बघून शब्द निवडा.

मोकळं 'धिस' कधीच वापरू नये असं काही शिक्षक सांगतात. ते जरा अती आहे. 'शी रिझाइन्ड. धिस सरप्राइज्ड नो वन.' यात काय अडतंय? मागचं वाक्य छोटं, त्यात घटना एकच. मागे दोन घटना, किंवा एक घटना आणि तिचं कारण, असं काही आलं की सावध व्हायचं.

'विच'चा घोळ याच जातीचा. 'द बोर्ड रिजेक्टेड द प्रपोजल, विच सरप्राइज्ड एव्हरीवन.' आश्चर्य प्रस्तावाचं वाटलं की तो फेटाळल्याचं? 'विच' साधारणपणे लगतच्या नामाला चिकटतं, पण अख्ख्या वाक्यालाही चिकटू शकतं. स्वल्पविराम इथे सुटका करत नाही, कारण दोन्ही अर्थांत तो हवाच असतो. 'द रिजेक्शन सरप्राइज्ड एव्हरीवन' असं वेगळं वाक्य करा, किंवा 'टू एव्हरीवन्स सरप्राइज' वाक्याच्या सुरुवातीला न्या. प्रस्तावच आश्चर्यकारक असेल तर 'द सरप्रायझिंग प्रपोजल'.

'विच' आणि त्याचं नाम यांच्यात अंतर पडलं की आणखी गंमत होते. 'वी फाउंड द लेटर इन द ड्रॉवर विच ही हॅड साइन्ड.' सही पत्रावर असणार हे कळतं, पण वाक्य म्हणतंय ड्रॉवरवर. मराठीत 'त्याने सही केलेलं पत्र' किंवा 'ज्या पत्रावर... ते पत्र' अशी बांधणी नामाला सोडतच नाही. इंग्रजीत ती शिस्त आपण पाळायची: 'इन द ड्रॉवर, वी फाउंड द लेटर विच ही हॅड साइन्ड.'

आणखी एक सवय, शीर्षकाला मूळ नाम समजण्याची. वर 'रिफंड पॉलिसी' असं शीर्षक आणि खाली पहिलं वाक्य 'धिस अप्लाइज टू ऑल ऑर्डर्स.' मजकूर कोणी कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की शीर्षक मागे राहतं आणि 'धिस' अनाथ होतं. ईमेलच्या विषयाच्या ओळीबाबतही हेच. पहिल्या वाक्यात नाम पूर्ण लिहा.

मूळ नाम वाक्यात नसतंच तेव्हा

'शी इज अ पेंटर अँड हॅज सोल्ड मेनी ऑफ देम.' 'देम' म्हणजे चित्रं, पण चित्रं वाक्यात कुठे आहेत? आहे ती चित्रकार. नाम दुसऱ्या शब्दाच्या पोटात दडलेलं असलं की सर्वनामाला ते दिसत नाही. 'मेनी ऑफ हर पेंटिंग्ज' लिहून मोकळे व्हा.

याच्याच शेजारचा एक वाद मोठा रंगला होता. अमेरिकेतल्या पीएसएटी या परीक्षेत ऑक्टोबर 2002 मध्ये एक वाक्य देऊन चूक शोधायला सांगितली होती. वाक्यात एका लेखिकेचं नाव फक्त षष्ठीच्या रूपात होतं, म्हणजे शेवटी अॅपॉस्ट्रॉफी आणि एस, आणि पुढे तिच्यासाठी 'हर' आलं होतं. परीक्षकांच्या लेखी वाक्यात चूक नव्हती. एका शिक्षकाने हरकत घेतली की षष्ठीतलं नाव विशेषणासारखं असतं, ते 'हर'चं मूळ नाम होऊ शकत नाही. अखेर 2003 मध्ये ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेने तो प्रश्न रद्द केला. खरं तर ते वाक्य कोणालाही चुकीचं कळलं नसतं, आणि हा नियम इतका ताणण्यात अर्थ नाही. खरी अडचण येते ती षष्ठीतल्या नावाशेजारी दुसरं नाव आलं की: 'महेशज रिप्लाय टू दिनेश शोज दॅट ही वॉज अपसेट.' चिडलंय कोण? तरीही व्याकरणाची परीक्षा देणार असाल तर षष्ठीतल्या नावाला सर्वनाम जोडू नका, एवढी काळजी घेतलेली बरी.

मग ते बेवारस 'दे' आणि 'इट'. मराठीत 'नियम बदललेत', 'असं म्हणतात', 'नोटिशीत लिहिलंय' ही वाक्यं कर्त्याशिवाय चालतात. इंग्रजीला कर्ता हवाच, म्हणून आपण हाताला लागेल तो बसवतो: 'दे हॅव चेंज्ड द रूल्स', 'इट सेज इन द नोटीस'. बोलताना ठीक. लिहिताना 'दे' म्हणजे कोण ते लिहा, माहीत नसेल तर 'द रूल्स हॅव बीन चेंज्ड' करा. दुसऱ्यात 'नोटीस'लाच कर्ता करा: 'द नोटीस सेज'.

ऑफिसच्या पत्रव्यवहारातलं लाडकं 'द सेम' हेही एक सर्वनामच समजा, आणि फार दुबळं. 'आय हॅव अटॅच्ड द फॉर्म अँड द लिस्ट. प्लीज साइन द सेम.' फॉर्मवर सही, यादीवर, की दोन्हींवर? 'द सेम'च्या जागी 'द फॉर्म' लिहिलं तर एकही शब्द वाढत नाही. 'द फॉर्मर' आणि 'द लॅटर' यांनाही शक्यतो रजा द्या. ते बरोबर असले तरी वाचकाला मागे जाऊन क्रम मोजायला लावतात, आणि तीन गोष्टींसाठी तर चालतच नाहीत.

'वी' कोण, 'दे' किती

मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन शब्द आहेत. ऐकणारा धरलाय की वगळलाय हे लगेच कळतं. इंग्रजीत 'वी' एकच. 'वी नीड टू सबमिट द फॉर्म बाय फ्रायडे' हे वाचून समोरचा म्हणतो, बरं, तुम्ही भरताय तर. आणि तुम्ही धरून चालता की तो भरणार. शुक्रवार उलटतो. काम नेमून देणाऱ्या वाक्यात 'वी' वापरूच नका. 'द अकाउंट्स टीम विल सबमिट', 'प्लीज सबमिट', 'यू अँड आय नीड टू मीट', जे असेल ते स्पष्ट लिहा. एकाच पत्रात 'वी' म्हणजे आधी कंपनी, मग तुमचा विभाग, मग तुम्ही आणि वाचक, असं घसरत जाणं तर फारच सोपं असतं. एका पत्रात 'वी'चा अर्थ एकच ठेवा.

'दे'ची अडचण वेगळी. आपण आदराने एका माणसालाही 'ते' म्हणतो आणि तो आदर नकळत इंग्रजीत शिरतो: 'द डायरेक्टर केम अँड दे सेड...' इंग्रजी वाचकाला आदर दिसत नाही, त्याला सोबत आणखी कोणी आलं होतं असं वाटू शकतं. दुसरीकडे, एकट्या माणसासाठी 'दे' वापरणं इंग्रजीत आता रूढ आणि मान्य आहे. व्यक्तीचं लिंग माहीत नसेल किंवा तिने स्वतःसाठी 'दे' निवडलं असेल तर तेच योग्य. 2019 मध्ये मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन शब्दकोशाने 'दे' हा वर्षाचा शब्द ठरवला आणि एपीए या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनशैली-पुस्तिकेच्या त्याच वर्षी आलेल्या सातव्या आवृत्तीनेही हा वापर उचलून धरला. फक्त जवळपास एखादं खरं अनेकवचन असेल तर जपून. 'द अॅप्लिकंट मेट द रिव्ह्यूअर्स, अँड दे वेअर सॅटिस्फाइड' यात समाधान कोणाचं ते कळत नाही. 'द अॅप्लिकंट' किंवा 'द रिव्ह्यूअर्स' पुन्हा लिहा.

पुनरुक्तीची भीती

हे सगळं वाचून 'मग तोच शब्द किती वेळा लिहायचा?' असं मनात येईल. शाळेत निबंध लिहिताना पुनरुक्ती टाळायला शिकवतात आणि ती सवय अंगात मुरते. मग 'रिपोर्ट' पुन्हा नको म्हणून पुढे 'डॉक्युमेंट', त्यापुढे 'फाइल'. कामाच्या लिखाणात हे सर्वनामापेक्षा वाईट, कारण वाचकाला वाटतं ही तीन वेगळी कागदपत्रं आहेत. एका वस्तूला शेवटपर्यंत एकच नाव द्या. करारांमध्ये तर 'द सेलर', 'द बायर' अशी नावं सुरुवातीला ठरवून शेवटपर्यंत तीच वापरतात, आणि कोणीही रटाळपणाची तक्रार करत नाही.

आणि प्रत्येक 'इट'च्या मागे लागू नका. 'इट इज रेनिंग', 'इट इज लेट', 'इट इज इम्पॉर्टंट टू चेक द डेट' यातलं 'इट' फक्त जागा भरतं, त्याला मूळ नाम नसतंच आणि लागतही नाही. फक्त असं रिकामं 'इट' आणि खरं 'इट' एकाच वाक्यात आणू नये. 'इट इज पॉसिबल टू रिसेट द डिव्हाइस व्हेन इट इज हॉट, बट इट मे डॅमेज इट' मध्ये चार 'इट' आहेत, पहिलं रिकामं, आणि तिसरं मागच्या सगळ्या कृतीसाठी. 'रिसेटिंग अ हॉट डिव्हाइस मे डॅमेज इट' म्हटलं की झालं.

तपासणी

लिहिताना सर्वनामांचा विचार करत बसू नका, हात अडखळतो. मसुदा पूर्ण झाल्यावर, जमल्यास दुसऱ्या दिवशी, वेगळी फेरी करा. वर्डमध्ये शोध उघडून 'फाइंड होल वर्ड्स ओन्ली' हा पर्याय निवडा. नाहीतर 'इट'ची दोन अक्षरं 'विथ', 'रिटन', 'सिटी' यांच्या पोटातही सापडत राहतात. आधी 'धिस' आणि 'विच' शोधा, सर्वांत जास्त दोष तिथे निघतात. मग 'इट' आणि 'इट्स'. मग 'दे', 'देम', 'देअर'. मग 'ही', 'शी', 'हिज', 'हर', आणि पत्र असेल तर 'वी'. 'दॅट' शेवटी, कारण बहुतेक ठिकाणी ते नुसतं 'की' असतं. प्रत्येक ठिकाणी मूळ नामावर बोट ठेवा. बोट दोन ठिकाणी जात असेल, किंवा कुठेच जात नसेल, तर दुरुस्ती करा.

एक मेल घेऊन बघू.

'द व्हेंडर सेंट द रिव्हाइज्ड कोट टू द मॅनेजर, बट ही सेड इट वॉज नॉट कम्प्लीट. धिस मेंट दॅट वी कुड नॉट प्रोसेस द ऑर्डर, विच वॉज अर्जंट. दे हॅव नाउ आस्क्ड अस टू चेक इट अँड कन्फर्म द सेम.'

तीन वाक्यांत नऊ सर्वनामं, 'द सेम' धरून. 'ही' व्हेंडर की मॅनेजर? पुढचं 'इट' स्पष्ट आहे, कोट, म्हणजे दरपत्रक. 'धिस' म्हणजे कोट अपुरं असणं, की मॅनेजरने तसं म्हणणं? 'वी' आणि 'अस' म्हणजे बहुधा खरेदी विभाग, पण लिहिलेलं नाही. 'विच' ऑर्डरला लागतं असं मानता येईल, तरी 'वॉज'मुळे ती घाई आता संपली की काय अशी शंका येते. 'दे' व्हेंडर, की मॅनेजर आणि त्यांची माणसं? शेवटचं 'इट' कोट की ऑर्डर? आणि 'द सेम' म्हणजे नक्की काय कन्फर्म करायचं?

दुरुस्त रूप: 'द व्हेंडर सेंट अ रिव्हाइज्ड कोट, बट द मॅनेजर फाउंड इट इनकम्प्लीट. बिकॉज ऑफ द मिसिंग डिटेल्स, द पर्चेस टीम कुड नॉट प्रोसेस द ऑर्डर, अँड द ऑर्डर इज स्टिल अर्जंट. द व्हेंडर हॅज नाउ आस्क्ड द पर्चेस टीम टू चेक द कोट अँड कन्फर्म द टोटल.'

नवापैकी एकच 'इट' उरलं, आणि 'इनकम्प्लीट' म्हणण्यासारखं वाक्यात कोटच आहे. लांबी किंचित वाढली. 'ऑर्डर' एकाच वाक्यात दोनदा आलं, ते तसंच ठेवलंय, कारण तिथे 'विच' परत आणलं तर घोळही परत येईल.

मजकूर दुसऱ्याचा असेल आणि तुम्ही फक्त तपासत असाल, तर अशा मेलमधलं 'दे' आपल्या अंदाजाने बदलू नका. अंदाज चुकला तर मोघम वाक्याच्या जागी स्पष्ट पण खोटं वाक्य जाईल. 'इथे दे म्हणजे व्हेंडर की मॅनेजर?' असा दोन पर्यायांचा प्रश्न समासात लिहून परत पाठवा. नुसतं 'अस्पष्ट' असा शेरा मारला तर लेखक ते वाक्य वाचतो, त्याला ते स्पष्टच वाटतं, आणि मजकूर आहे तसा परत येतो.